निळी भाकरी

कुपवाडच्या एमआयडीसीत, मागच्या गल्लीत
जिथं बेदाणा कोल्ड स्टोरेजची भिंत संपते
तिथं आमचं पत्र्याचं शेड.
एकोणीस वर्षं मी तिथं आयोडीन मोजते.

मोजते म्हणजे काचेआडून,
दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून,
पंखा ओढतोय ना, हे आधी
कागदाची चिठ्ठी धरून बघून.
काळे चकचकीत खवले, एखाद्या माशाचे असावेत तसे.
बाटलीचं बूच काढलं की जांभळी वाफ,
न वितळता, पाणी न होता.
काही माणसं जातात घरातून तशी,
रडारड नाही, भांडण नाही,
सकाळी बघावं तर जागा रिकामी.

मला हे काम शिकवलं बाबगोंडा मगदूम यांनी.
त्यांचा उजवा डोळा बारा महिने पाणावलेला.
"आमच्या वेळंला कसला गॉगल पोरी,
नाकाला ओला पंचा बांधायचा
आन् देवाचं नाव घ्यायचं."
मग खिळ्याला टांगलेला जुना पत्र्याचा चमचा दाखवायचे,
कडेनं कुरतडलेला, मधे भोक.
"लोखंड खाल्लंय ह्यानं.
तुझ्यामाझ्या फुफ्फुसाचं काय घेऊन बसलीस?"

त्यांचे नियम कुठल्या तक्त्यावर नव्हते.
फरशीला हायपो, कातडीला साबण.
अमोनियाची बाटली ह्या खोलीत आणणाऱ्याला
ते सरळ गेटबाहेर काढायचे, मालकाचा मेव्हणा असला तरी.
चांदीची अंगठी घरी ठेवायची.
मी ठेवली नाही, काळी पडली,
नवऱ्यानं विचारलं, मी म्हटलं सोनाराची चूक.
आणि वास यायचा बंद झाला,
तर हवा साफ झाली म्हणू नये,
नाक हरलं म्हणावं, आणि बाहेर यावं.

पण जेवणाच्या सुट्टीतला त्यांचा नियम वेगळाच.
डबा उघडला की आधी भाकरीचा एक तुकडा बाजूला,
त्यावर पाची बोटं दाबायची.
तुकडा पांढराच राहिला, तर जेवा.
निळा पडला, तर परत नळावर.
आम्ही बायका हसायचो.
म्हाताऱ्याला भाकरीशी बोलायची सवय, म्हणायचो.

मग ती संध्याकाळ.
शेवटची एसटी चुकायला नको म्हणून
मी एप्रन पिशवीत कोंबला, हात नुसते ओले केले,
घरी येऊन तशीच पिठाला बसले.
रात्री तव्यावरच्या शेवटच्या भाकरीवर
निळसर काळी बोटं उठलेली.
माझीच.
धाकटी म्हणाली, आई, ही नक्षी कशी केलीस?
तिच्या ताटातली मी काढून घेतली.
कारण सांगितलं नाही.
पीठसुद्धा ओतून दिलं, आणि त्या महिन्यात
पीठ ओतून द्यायची ऐपत नव्हती.

तेव्हापासून एप्रन कपाटात, कुलपात.

मगदूममामा गेले त्याला सहा वर्षं झाली.
आता भिंतीवर तक्ता आहे, डोळे धुवायचा फवारा आहे,
पंधरा मिनिटं धुवा असं लाल अक्षरात आहे,
आणि नवा पोरगा आहे, तौफिक नदाफ, मिरजेचा.
हातमोजे मागच्या खिशात,
"मॅडम, घाम येतो हो आतून."
मी रागावले नाही.
दुपारी डबा पुढे केला,
म्हटलं, ह्या तुकड्यावर बोटं टेकव.

तो हसत टेकवून बसला.
निळं हळूहळू चढतं, घाई करत नाही.
अंगठा आधी आला, मग तर्जनी,
मग जिच्यात तो अंगठी घालतो ती.
त्यानं तुकडा उलटा करून पाहिला,
जणू पाठीमागे कुणाचं नाव असेल.

मग उठला.
नळ बराच वेळ चालू होता.
पाण्याचं बिल मीटरवर येतं आमच्याकडे,
मालक वैतागतो,
पण मी जेवत राहिले.